ओळख पहिली, खात्री नंतरची

खटल्याचा निकाल एखाद्या साक्षीदाराच्या आठवणीवर अवलंबून असला की वाद दोन ठरलेल्या रुळांवरून धावू लागतो. एक बाजू विचारते, ज्याने डोळ्यांदेखत गुन्हा पाहिला तो गुन्हेगाराचा चेहरा विसरेलच कसा? दुसरी बाजू लगेच मानसशास्त्राचा दाखला काढते: स्मृती बेभरवशाची असते हे केव्हाच सिद्ध झालंय, माणूस आठवणी रचत असतो, तेव्हा साक्षीदार सांगतो त्यातलं निम्मं त्याच्या कल्पनेतलं. पहिल्या बाजूला संशोधन ठाऊक नाही, हे उघड आहे. पण दुसऱ्या बाजूला ते अर्धंच ठाऊक आहे आणि अर्ध्या ज्ञानाने या वादाचं नुकसान अधिक झालंय. स्मृती भरवशाची की बेभरवशाची, हा प्रश्नच चुकीचा आहे. साक्षीदाराच्या स्मृतीची चाचणी पहिल्यांदा कधी घेतली, कोणी घेतली, कशी घेतली आणि त्या क्षणी तो नेमकं काय म्हणाला, हे विचारायला हवं. ती पहिली चाचणी नीट झाली असेल तर हाती येणारा पुरावा चांगला असतो. ती बिघडली असेल तर वर्षभराने न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवून केलेल्या छातीठोक ओळखीला जवळजवळ काहीच किंमत उरत नाही. यातला बराचसा दोष चाचणी घेणाऱ्यांचा असतो, पण "स्मृतीच बेभरवशाची" म्हटलं की तो अलगद स्मृतीच्या खात्यावर जमा होतो.

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि पहिल्या फेरीतही असाच भरकटला होता. हार्वर्डमध्ये शिकवणारे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी 1908 मध्ये साक्षीपुराव्यावर पुस्तक लिहून वकील-न्यायाधीशांना धारेवर धरलं: मानसशास्त्र एवढं पुढे गेलं तरी हे लोक त्याकडे ढुंकून बघत नाहीत. पुराव्याच्या कायद्यातले दिग्गज जॉन हेन्री विगमोर यांनी 1909 मध्ये उत्तर दिलं ते एका काल्पनिक खटल्याच्या रूपात. वकील मंडळींनी म्युन्स्टरबर्गवर बदनामीचा दावा लावलाय आणि म्युन्स्टरबर्ग हरतात, भरपाई एक डॉलर. हा विनोद मानसशास्त्रज्ञांच्या चांगलाच जिव्हारी लागला. पण टवाळीच्या आत विगमोर यांनी एक रास्त मागणी केली होती: स्मृती चुकते हे आम्हालाही कळतं, अमुक साक्षीदार बरोबर आणि तमुक चुकतोय, हे ओळखायची पद्धत तुमच्याकडे आहे का? त्या वेळी ती नव्हती. आज बऱ्याच अंशी आहे. तरी लोक अजून 1908 मधलंच भाषण करताहेत.

स्मृतीवर अविश्वास दाखवणाऱ्यांचे मुद्दे भक्कम आहेत आणि ते आधी मान्यच केले पाहिजेत. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्यांची संख्या पावणेचारशेच्या घरात आहे आणि चुकीने शिक्षा झालेल्यांसाठी लढणाऱ्या इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेच्या नोंदींनुसार त्यातल्या सुमारे 69 टक्के प्रकरणांत साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या. गाड्या एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा वेग किती होता, असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी 40.8 मैल आलं. "टेकल्या" असं विचारलं तर 31.8. आठवड्याने दुसऱ्या एका गटाला फुटलेली काच दिसली होती का म्हणून विचारलं. फितीत काच फुटलेलीच नव्हती, पण जोरकस शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी "हो" म्हटलं, तर साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. 1995 मध्ये लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 24 जणांना "लहानपणी तुम्ही दुकानांच्या गर्दीत हरवला होतात" अशी बनावट हकीकत दिली आणि साधारण चौथ्या हिश्शाने ती थोडीफार किंवा पूर्ण आपलीशी केली. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान जानेवारी 1986 मध्ये कोसळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून "बातमी कुठे, कशी कळली" हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यातल्या 44 जणांना पुन्हा विचारलं, तर 11 जणांचा एकही मुख्य तपशील मूळ टिपणाशी जुळेना, आणि गटाची सरासरी खात्री मात्र पाचपैकी चारच्या वर. भीती वाटली की चेहरा मनावर कोरला जातो, हाही भ्रमच. अमेरिकी लष्कराच्या युद्धकैदी प्रशिक्षणात सैनिकांची अर्ध्या तासाहून जास्त वेळ उलटसुलट चौकशी झाली. नंतरच्या प्रत्यक्ष ओळख परेडमध्ये शारीरिक जबरदस्ती करणाऱ्या चौकशी अधिकाऱ्याला जेमतेम 30 टक्क्यांनी ओळखलं, तर सौम्य चौकशी करणाऱ्याला 62 टक्क्यांनी.

एवढं सगळं खरं असताना स्मृतीची बाजू घ्यायची तरी कशी?

हे प्रयोग कशासाठी केले होते ते आधी बघावं. लॉफ्टस यांच्या प्रयोगांत आठवणीत जाणूनबुजून भेसळ केली जाते आणि ती शोषली जाते का, हे तपासलं जातं. भेसळ होऊ शकते, हे त्यातून निर्विवादपणे कळतं. न भेसळलेली आठवण किती खरी असते, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की काय होतं, हे समजायला जर्मनीतलं एक प्रकरण आठवावं. 1993 ते 2009 या काळात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये चाळीसच्या आसपास गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अनोळखी बाईचा डीएनए सापडत गेला. खून, घरफोडी, किरकोळ चोरी, सगळीकडे तीच. हाइलब्रॉन शहरातल्या एका पोलिसाच्या खुनानंतर तिच्या मागे मोठं पथक लागलं. शेवटी उलगडलं ते असं की नमुने टिपायचे कापसाचे बोळे जिथे तयार होत, तिथल्या कामगार बाईचाच तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक होते, डीएनएमुक्त नव्हते. त्यानंतर "डीएनए बेभरवशाचा असतो" असा निष्कर्ष कोणी काढला का? बोळे बदलले आणि पुढे 2016 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय दर्जाही ठरला. स्मृतीच्या बाबतीत मात्र बोळे तेच ठेवून आपण डीएनएला नावं ठेवत बसलो आहोत.

मग भेसळ नसलेल्या आठवणीचं काय? कॅनडात व्हँकुव्हरजवळ भर दिवसा बंदुकीच्या दुकानावर दरोडा पडला आणि गोळीबारात दरोडेखोर मेला. जॉन युइल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी त्याच्या 21 साक्षीदारांपैकी 13 जणांना चार-पाच महिन्यांनी गाठून पुन्हा विचारलं (अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला). तपशील मोठ्या प्रमाणात बरोबर निघाले. मुद्दाम पेरलेल्या दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांना बहुतेक जण बधले नाहीत. अलीकडे, 2020 मध्ये, टोरांटोतल्या संशोधकांनी लोकांना आधीच ठरवून दिलेल्या फेरीवर नेलं आणि नंतर काय काय आठवतं ते मोकळेपणी सांगायला लावलं. पडताळता येतील अशा तपशिलांपैकी 93 ते 95 टक्के बरोबर होते. याच अभ्यासात तज्ज्ञांनाही अंदाज विचारला होता आणि त्यांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षाच्या जवळपासही नव्हता. स्मृतीबद्दलचा अविश्वास तज्ज्ञांमध्येही किती मुरलाय ते यातून दिसतं. या अभ्यासांतले लोक विसरले नव्हते असं नाही. पुष्कळ विसरले होते. पण गळून जाणं वेगळं आणि खोटं भरलं जाणं वेगळं. वेळ गेला की आठवण विरळ होते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून दाखवलं. विरळ आठवणीत खोटं भरायला मात्र बहुतेकदा बाहेरून काही तरी यावं लागतं: आडून सुचवणारा प्रश्न, वर्तमानपत्रातला फोटो, दुसऱ्या साक्षीदाराशी झालेलं बोलणं, पोलिसाच्या तोंडचं "शाब्बास".

चुकीच्या शिक्षांचा आकडा नीट उलगडला तर हेच दिसतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या रोनाल्ड कॉटनचं प्रकरण सगळीकडे सांगितलं जातं, पण त्याचा मधला टप्पा गाळून. 1984 मध्ये बलात्काराच्या फिर्यादीनंतर पीडितेला सहा फोटो दाखवले. हल्ला होत असताना तिने हल्लेखोराचा चेहरा लक्षपूर्वक न्याहाळला होता. तरीही तिने चार-पाच मिनिटं घेतली, दोन फोटोंमध्ये घुटमळली आणि बहुधा हाच, अशा शब्दांत कॉटनच्या फोटोवर बोट ठेवलं. ठसठशीत आठवण असली की चेहरा पटकन समोर येतो. एकेक फोटो बाजूला काढत उरेल तो निवडणं, हे दुबळ्या आठवणीचं लक्षण. म्हणजे तिची स्मृती त्या दिवशी प्रामाणिकपणे सांगत होती की पक्कं नाही. त्यानंतर प्रत्यक्ष माणसांची परेड झाली. फोटोंत आणि परेडमध्ये दोन्हीकडे असलेला माणूस एकटा कॉटन. ती पुन्हा दोघांमध्ये अडखळली, पुन्हा त्यालाच निवडलं, आणि फोटोतही हाच होता असं तिला सांगण्यात आलं. न्यायालयात पोचेपर्यंत तिच्या मनात शंकेला जागाच उरली नव्हती. 1987 च्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार समोर आणून उभा केला, तेव्हा त्याला आपण कधी पाहिलंच नाही असं तिने शपथेवर सांगितलं. कॉटन 1995 मध्ये डीएनएमुळे सुटला. कायद्याचे प्राध्यापक ब्रँडन गॅरेट यांनी डीएनएमुळे उघडकीस आलेल्या अशा चुकीच्या ओळखीच्या 161 खटल्यांची कागदपत्रं वाचली, तर त्यातल्या 57 टक्के खटल्यांत साक्षीदारांनी स्वतःच कबूल केलं होतं की सुरुवातीला आपल्याला खात्री नव्हती. स्मृतीने लाल दिवा लावला होता. तो कोणी टिपून ठेवला नाही.

खात्री अशी फुगते कशी? गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी 1998 मध्ये 352 जणांना एका बंदूकधाऱ्याची धूसर चित्रफीत दाखवली आणि मग फोटो पुढे केले. त्यात तो माणूस नव्हताच, म्हणजे ज्याने कोणाला निवडलं तो चुकलाच. मग काही जणांना सहज म्हटलं की "छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत". तेवढ्या एका वाक्याने नंतर विचारलेली "निवडताना खात्री किती होती" याची उत्तरं वर गेली, आणि चेहरा किती नीट दिसला, लक्ष किती होतं, ओळखायला किती कमी वेळ लागला, हे सगळंही. बाधा फक्त आजच्या खात्रीला होत नाही, कालच्या खात्रीच्या आठवणीलाही होते. म्हणून साक्षीदाराला न्यायालयात "तेव्हा खात्री होती का?" असं विचारण्यात अर्थ नसतो, तो जे मनापासून सांगेल ते आधीच बदललेलं असतं. शिवाय फोटोत पाहिलेला चेहरा पुढच्या वेळी ओळखीचा वाटतो, आणि हा ओळखीचेपणा गुन्ह्याच्या जागेवरून आला की पोलीस ठाण्यातल्या टेबलावरून, हे वेगळं काढणं साक्षीदाराला जमत नाही. पहिल्या चाचणीने पुढच्या प्रत्येक चाचणीचं साहित्यच बदलून टाकलेलं असतं. जॉन विक्स्टेड, वेल्स, लॉफ्टस आणि गॅरेट यांनी 2021 मध्ये एकत्र येऊन हेच बजावलं: एका संशयितासाठी साक्षीदाराची स्मृती एकदाच तपासा. या यादीत लॉफ्टस यांचंही नाव आहे, हे त्यांच्या नावाने "स्मृती म्हणजे थाप" असा प्रचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

ही एकदाची चाचणी कशी घ्यायची, हे आज बऱ्यापैकी ठरलेलं आहे. संशयित एकच, आणि भरीला किमान पाच जण, जे संशयित नाहीत हे पक्कं माहीत आहे. भरीची माणसं निवडताना साक्षीदाराने केलेलं वर्णन हाताशी ठेवायचं. त्याने दाढी सांगितली असेल तर दाढीवाला एकटा संशयित असून चालत नाही. संच पक्षपाती आहे का, हे तपासायची सोपी युक्ती अँथनी डूब आणि हर्शी किर्शेनबाम यांनी 1973 मध्येच दाखवली: ज्यांनी गुन्हा पाहिलेलाच नाही अशा काही जणांना फक्त वर्णन वाचायला द्या आणि संच दाखवून निवड करायला सांगा. सहा जणांच्या संचात त्यांनी संशयिताला साधारण सहापैकी एकदा निवडायला हवं. ते पुनःपुन्हा त्याच्याकडेच बोट दाखवत असतील, तर हा संच स्मृती तपासतच नाही. परेड घेणाऱ्या माणसाला संशयित कोण ते ठाऊक नसावं, कारण ठाऊक असलं की त्याची नजर थबकते, तो "नीट बघा, घाई नको" म्हणतो, तेही नेमकं भरीच्या माणसावर बोट गेल्यावर. गुन्हेगार यात असेल किंवा नसेलही, ही सूचना आधी द्यायलाच हवी. रॉय माल्पस आणि पॅट्रिशिया डिव्हाइन यांच्या 1981 च्या प्रयोगात गुन्हेगार परेडमध्ये नसताना, तो असल्याचं गृहीत धरणाऱ्या सूचनेमुळे 78 टक्क्यांनी निरपराध माणसाकडे बोट दाखवलं. "नसेलही" असं सांगितल्यावर 33 टक्क्यांनी. एका वाक्याचा हा फरक. निवड झाली की कोणी काहीही बोलायच्या आत खात्री किती ते साक्षीदाराच्याच शब्दांत टिपायचं, आणि सगळ्याचं चित्रीकरण करायचं. फोटो एकत्र दाखवावेत की एकेक करून, यावर संशोधकांचं मोठं भांडण झालं; वरच्या गोष्टींपुढे तो तपशील दुय्यम आहे.

अशा रीतीने घेतलेल्या पहिल्या चाचणीत साक्षीदार ठाम असेल, तर तो बरोबर असण्याचं प्रमाण फार मोठं निघतं, आणि तो डळमळीत असेल तर चुकण्याचं. विक्स्टेड आणि वेल्स यांनी 2017 मध्ये प्रयोगशाळांतले निकाल एकत्र मांडले. त्याआधी ह्यूस्टन पोलिसांच्या खऱ्या तपासांतल्या परेडींतही हाच कल दिसला होता. खात्री आणि अचूकता यांचा संबंध नाही, हे एके काळी पाठ्यपुस्तकी वाक्य होतं. ते वाक्य आता मागे घ्यावं लागतं.

इथे एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ठाम साक्षीदार बरोबर असण्याची शक्यता ही एकट्या त्याच्या स्मृतीवर ठरत नाही. पोलीस परेडमध्ये कोणाला उभं करतात, यावरही ठरते. गणित करून बघू, आकडे निव्वळ उदाहरणादाखल. समजा, खरा गुन्हेगार उभा असताना 100 पैकी 40 साक्षीदार त्याला ठामपणे ओळखतात, आणि निरपराध संशयित उभा असताना 100 पैकी एकच जण त्याच्याकडे ठामपणे बोट दाखवतो. निम्म्या परेडींत खरा गुन्हेगार असेल तर 100 परेडींमागे 20 बरोबर ओळखी आणि अर्धी चूक. म्हणजे ठाम ओळख सुमारे 98 टक्के खरी. पण पोलिसांनी जेमतेम संशयावरून लोक उचलले आणि दहापैकी एकाच परेडमध्ये खरा गुन्हेगार असला, तर 4 बरोबर ओळखी आणि 0.9 चुका, ठाम ओळखीची विश्वासार्हता 82 टक्क्यांवर घसरते. स्मृती तीच आणि खात्रीही तीच, तरी दर पाच-सहा ठाम ओळखींमागे एक माणूस विनाकारण अडकतो. अंदाज बांधताना मूळ प्रमाण (इथे, किती परेडींत खरा गुन्हेगार असतो ते) विसरण्याची खोड डॅनियल कानमन आणि एमस ट्वर्स्की यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलीच होती. म्हणून परेडला उभं करण्याआधी त्या माणसाविरुद्ध दुसरा काही सबळ पुरावा हवा, ही अट वेल्स आणि सहकाऱ्यांच्या 2020 च्या शिफारशींत आहे. आक्षेप खराच. पण त्याचा रोख पुन्हा तपासावरच येतो. आदर्श चाचणी प्रत्यक्षात क्वचितच होते, हेही कबूल. ती का होत नाही, याचा जाब मग कोणाला विचारायचा? साक्षीदाराच्या मेंदूला?

उलटतपासणीत चूक उघडी पडेलच, असा वकिलांचा जुना दिलासा आहे. उलटतपासणी हे खोटं बोलणाऱ्याला पकडायचं हत्यार आहे. जो मनापासून चुकतोय त्याच्यापुढे ते बोथट पडतं, कारण त्याच्याकडे लपवायला काही नसतं. लंडनमध्ये 1896 साली अडॉल्फ बेक नावाच्या माणसाला एकामागून एक अनेक स्त्रियांनी फसवणूक करणारा म्हणून ओळखलं आणि तो सात वर्षांसाठी आत गेला. 1877 मध्ये अशाच गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या "जॉन स्मिथ"ची तुरुंगातली नोंद पुढे निघाली. स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. सरकारने 1898 मध्ये हे मान्य केलं आणि बेकच्या कागदांवरून जुनी शिक्षा तेवढी खोडली, शिक्षा भोगणं चालूच. सुटल्यावर 1904 मध्ये तो पुन्हा ओळखला गेला, पुन्हा दोषी ठरला, आणि शिक्षा सुनावण्याआधी खरा भामटा योगायोगाने पकडला गेला म्हणून वाचला. त्या स्त्रियांपैकी कोणी खोटं बोलत होतं असं नव्हे. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांचं न्यायालय 1907 च्या कायद्याने आलं, त्यामागे हे प्रकरण होतं.

"स्मृती बेभरवशाची" या घोषणेचा सगळ्यांत उलटा परिणाम मात्र आरोपीवरच होतो, आणि तिचे समर्थक तो लक्षात घेत नाहीत. साक्षीदाराने संच बघून "यात तो नाही" म्हटलं, तर तोही स्मृतीचाच पुरावा असतो, निर्दोषपणाच्या बाजूचा. टेक्सासमध्ये 1998 च्या एका खुनानंतर शेजारच्या बाईने गाडीतून उतरताना पाहिलेल्या दोन लांब केसांच्या गोऱ्या माणसांचं वर्णन दिलं होतं. पोलिसांनी तिला संमोहित केलं. पुढे तिला फोटो दाखवले, त्यात चार्ल्स डॉन फ्लोरेस होता, तिने त्याला निवडलं नाही. तेरा महिन्यांनी न्यायालयात तिने त्याच्याकडेच बोट दाखवलं, तो लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, असूनही, आणि 1999 मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला. विक्स्टेड फ्लोरेसच्या बाजूने जे मांडतात ते असं नाही की त्या बाईच्या स्मृतीवर विश्वास ठेवू नका. ते म्हणतात, 1998 मधल्या तिच्या स्मृतीवर विश्वास ठेवा. ती तेव्हा "हा नाही" असंच सांगत होती. स्मृती सरसकट फेटाळली असती तर हा युक्तिवादही त्याच टोपलीत गेला असता. आणि पोलिसांच्या किती फायलींत अशा नकारांची साधी नोंदही ठेवली जात नाही, नुसतं "ओळख पटली नाही" म्हणून कागद बाजूला सरकवला जातो?